तीन फुकटचे नकाशे

मांडणीवरच्या ताटल्या किणकिणल्या. एकदाच. मग दुपार पुन्हा गप्प झाली.

दीपिकानं हातातला लाल खडू तसाच धरून ठेवला. कारखान्यांकडून धोक्याचा भोंगा होतोय का, ते ती ऐकत होती. भोंगा झाला नाही. फरशीवर पालथी पडून रंगवत असलेली स्वरा थांबून आईच्या तोंडाकडे बघत होती.

"ट्रक गेला," दीपिका म्हणाली.

बोईसरला राहायला आल्यापासून हा ट्रक असाच अधूनमधून जायचा.

विनोद पहिल्या पाळीला गेला होता, औद्योगिक वसाहतीतल्या रसायनाच्या कारखान्यात. फोन गेटवरच जमा करावा लागतो, हे तिला माहीत होतं. तरी तिनं लावला. कुठल्यातरी कप्प्यात तो वाजत राहिला असेल. वाजून वाजून बंद झाला.

वरच्या मजल्यावरच्या गोजराबाई ओल्या हातांनी दारात आल्या. त्या मूळच्या माकुणसारच्या, पण सगळा संसार इथलाच.

"आयकलास ना गो? काय नाय. लांब हाय." त्यांनी नाक वर करून हवा हुंगली. "खिडकी तेवडी लावून घे. पोरीचा खोकला काय म्हणतो?"

"तसाच आहे, मावशी. डॉक्टर म्हणतात, हवा बदला."

"मग ने की तिला तुझ्या वाघांकडं. वाघ बरा. येतो तो दिसतो तरी."

स्वतःच्याच बोलण्यावर हसत त्या वर गेल्या. जिन्यात त्यांना ठसका लागला, तो बराच वेळ ऐकू येत होता.

दीपिकानं खिडकी लावली. हातांना काहीतरी हवं होतं, म्हणून ती पुन्हा नकाशांपाशी बसली. तिचं माहेर वरोऱ्याचं. तिथून ताडोबा जवळ. आजोळी राहायचं, एक दिवस जंगल बघायचं, आणि मधल्या काळात पोरीच्या छातीत नुसता वारा जाऊ द्यायचा. विनोदची रजा तेवढी मंजूर व्हायला हवी होती. आज कळणार होतं.

नकाशांना पैसा लागला नव्हता. स्वरा झोपली की त्या चोरलेल्या वेळात तिनं ते शोधले होते. एक वनखात्याच्या संकेतस्थळावरचा, झेरॉक्सच्या दुकानात काळापांढरा छापून आणलेला. दुसरा सरकारी मोजणीचा, जुना. दोन्ही शेजारी ठेवले की रस्ता कुठं बदलला ते कळायचं. तिसरा फोनमध्ये उतरवून ठेवलेला, कारण फाटकाच्या आत गेल्यावर रेंजचा भरवसा नाही. काळ्यापांढऱ्यावर रंग भरायचं काम स्वराकडे होतं.

"सांग बघू," दीपिका म्हणाली.

"पिवळं म्हणजे कड. तिथं गावं असतात, पण जपून राहायचं." स्वरानं बोट आत सरकवलं. "लाल म्हणजे गाभा. तिथं गाडीतून जायचं, बघायचं, अंधाराआधी बाहेर यायचं. राहायचं नाही."

"शाब्बास."

"पण आई, जुन्यात इथं गाव लिहिलंय. नव्यात नाही. कोणी खोडलं?"

"खोडलं नाही गं. ते लोक गाभ्यात राहत होते. वाघांच्या मधोमध राहणं ना माणसांना बरं, ना वाघांना. म्हणून सरकारनं त्यांना बाहेर नेलं. दुसरीकडे घरं दिली."

"सगळ्यांना? कोंबड्यांना पण?"

"कोंबड्यांना पण."

स्वरा हसली आणि हसता हसता खोकायला लागली. खोकला थांबेपर्यंत दीपिकानं तिच्या पाठीवरचा हात काढला नाही. बंद खिडकीच्या फटीतून सडक्या लसणासारखा वास आत येत होता. तिनं फटीत टॉवेल खोचला. घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं, आणि बघत राहिली.

विनोद नेहमीच्याच वेळेला आला. दीपिकानं आधी त्याचे हात बघितले, मग चेहरा. सगळं जागच्या जागी होतं.

"बाजूच्या प्लॉटला स्फोट झाला," तिनं विचारायच्या आत तो म्हणाला. "आमच्यात काही नाही."

"कुणाला..."

त्यानं स्वराकडे बघितलं. मग आवाज बदलून म्हणाला, "ओळख बघू काय आणलंय? रजा! चार दिवस."

दीपिका भिंतीला टेकून खाली बसली. एवढं हलकं तिला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं. चार दिवस. तिनं लगेच फोन घेतला आणि गाडीची तिकिटं बघायला लागली.

"आणि हे." विनोदनं डब्याच्या पिशवीतून घडी घातलेला गुळगुळीत कागद काढला. "आज सगळ्यांना वाटलं. घरात दिसेलसं लावा म्हणे. तुला नकाशांचा नाद ना? घे, हा पण फुकट." कागद स्वराच्या हातात देऊन तो अंघोळीला गेला.

स्वरानं घडी उलगडली आणि तो कागद आपल्या जंगलाशेजारी नीट जुळवून ठेवला. हा आधीच रंगवलेला होता. मधोमध कारखान्याच्या चिमणीचं चित्र, तिच्याभोवती लाल गोल, त्याच्याबाहेर पिवळा. आईनं शिकवलं होतं तसं तिनं आधी रस्ता शोधला, मग खूण, मग स्वतःला. रेल्वेचे रूळ. पाण्याची टाकी. शाळा. बोट हळूहळू आत आलं आणि थांबलं.

"दोन खालचे बर्थ मिळतायत," दीपिका फोनमधून मान वर न करता म्हणाली. "जायचे आणि यायचे दोन्हीचे."

"आई," स्वरा म्हणाली, बोट न उचलता. "आपलं घर लालात आहे. आपल्याला बाहेर कधी नेणार?"