न आलेला दात

लेकीचा किडलेला दुधाचा दात उपटायला दिपाली सासूबाईंबरोबर काटेवाडीहून बारामतीला आली, पण एक्स-रे बघून डॉक्टरीणबाई थांबल्या. दाताखाली पक्का दात तयारच झाला नव्हता. "पोटुशी असताना ग्रहण पाळ म्हणलं हुतं हिला," सासूबाई पुटपुटल्या. दिपालीनं मान खाली घातली. "ग्रहणाचा संबंध नाही, आजी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हे घराण्यात चालत येतं. तुमचे दात बघू?" "बघा की! अजून दातानं ऊस सोलते मी." डॉक्टरीणबाईंनी तोंडात आरसा फिरवला नि त्या हसल्या. "हा तुमचा दुधाचाच दात आहे. पक्का तुम्हालाही आलाच नाही. हा टिकला, तसा नातीचाही कीड साफ करून टिकवू." सासूबाई कितीतरी वेळ जिभेनं तो दात चाचपत राहिल्या. मग नातीला जवळ ओढून दिपालीकडं वळल्या. "तुझा काय दोष न्हाय गं," त्या म्हणाल्या, "पोरगी माझ्यावर गेलीया."