सांगायची सवय

निकाल मोबाइलवर आला तेव्हा वेदिका जनीमावशींच्या उजव्या हाताला लाल औषधाची ड्रिप लावून नुकतीच वळली होती. कॅन्सर नर्सिंगची परीक्षा ती पास झाली होती. मेसेज तिने दोनदा वाचला, मग इन्चार्ज ज्ञानेश्वरी सिस्टरना दाखवला.

वेदिका एजन्सीच्या करारावर काम करायची. तीन महिने एका गावात, तीन महिने दुसऱ्या. सुरत, नाशिक, मंगळूर झालं होतं. आता रत्नागिरीचा हा केमोचा वॉर्ड. दोन वर्षं तिने हॉस्टेलच्या खोल्यांतून अभ्यास केला होता. ज्ञानेश्वरी सिस्टरनी लगेच पेढे मागवले. सहा खाटा, सहा पेशंट. ज्यांना खाववत होतं त्यांनी पेढा खाल्ला, बाकीच्यांनी नुसता हातात धरला. डॉक्टर येऊन अभिनंदन करून गेले. फोटो निघाले. जनीमावशींनी डाव्या हाताने पेढा घेतला आणि म्हणाल्या, "मोटी हो."

वेदिका परत त्यांच्या खाटेपाशी आली तेव्हा वीस मिनिटं झाली होती. या औषधाला दर पाच मिनिटांनी हात बघायचा असतो. परीक्षेत तसा प्रश्नच होता आणि तिने तो बरोबर सोडवला होता.

मावशींनी हातावर पदर ओढून घेतला होता. वेदिकाने तो बाजूला केला. मनगटाच्या वर लिंबाएवढी सूज होती, तांबूस, ताणलेली.

"मावशी, जळतंय का?"

"जरा."

"कधीपासून?"

मावशींनी खिडकीकडे बघितलं. "तू पेढा दिलास ना, तवापासून."

"मग हाक का नाही मारलीत?"

"सगली तुजं कवतिक करीत होती गो बाय. त्यात मी कुठं मदी बोलू?"

वेदिकाने ड्रिप बंद केली. सुई तशीच ठेवून सिरिंजने जेवढं औषध मागे ओढता आलं तेवढं ओढलं, मग सुई काढली. बर्फ लावला. सुजेच्या कडेने पेनाने रेघ मारून शेजारी वेळ लिहिली. हे औषध शिरेबाहेर गेलं तर आतलं मांस जाळतं, हे तिला माहीत होतं. डॉक्टरांनी येऊन बघितलं, त्यावर उतारा म्हणून औषध लिहून दिलं आणि आठ दिवस रोज हात बघावा लागेल म्हणून सांगितलं.

वॉर्डाबाहेर ज्ञानेश्वरी सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या, "शीर फुटली असं लिही. या वयात शिरा फुटतातच. कोणी विचारणार नाही."

"मी वीस मिनिटं बघितलं नाही, सिस्टर."

"अगं, पण आजच्या दिवशी तरी..."

वेदिकाने रजिस्टर ओढून घेतलं आणि वीस मिनिटं असं अक्षरात लिहिलं.

मावशींचे यजमान आप्पा बाहेर बाकावर बसले होते. दोघं मंडणगडच्या आतल्या गावातली. केमोसाठी यायचं झालं की आदल्या दिवशी येऊन शहराजवळच मिरजोळ्याला भाचीकडे उतरायची. वेदिका त्यांच्यासमोर उभी राहिली.

"आप्पा, औषध शिरेबाहेर गेलंय. हाताला जखम होऊ शकते. चूक माझी आहे."

आप्पांनी मान खाली घातली.

"तिला सांगायची सवय नाय," ते म्हणाले. "मानेत गाठी आल्या, तर सा म्हयने पदराखाली ठेवल्यान. घरात कोणाला कललं नाय." मग त्यांनी मान वर केली. "पन तुमचं काम इचारायचं होतं."

"हो," वेदिका म्हणाली.

मावशी भाचीकडेच राहिल्या आणि आठ दिवस ड्युटी संपली की वेदिका मिरजोळ्याला जात होती. तिसऱ्या दिवशी कातडी काळी पडली, पाचव्या दिवशी फोड आला. रेघेच्या बाहेर मात्र काही सरकलं नाही. पुढे ती जागा हळूहळू सुकली. दोन बोटं तेवढी पुरती मिटत नव्हती. मावशी त्याबद्दल कधी बोलल्या नाहीत. वेदिका गेली की भाचीला चहा ठेवायला सांगायच्या.

वेदिकाचा करार त्या पेढ्यांच्या दिवसापासून दहा दिवसांत संपत होता. या परीक्षेच्या जोरावर तिला बेंगळुरूचं मोठं हॉस्पिटल मिळालं होतं. तिने एजन्सीकडे दोन आठवडे वाढवून मागितले. मावशींची पुढची केमो त्यात येत होती. तोवर बेंगळुरूची जागा राहणार नाही, असं एजन्सीने कळवलं. वेदिकाने "ठीक आहे" लिहिलं आणि रत्नागिरीत थांबली.

केमोच्या दिवशी मावशींनी आपणहून डावा हात पुढे केला. वेदिकाने शीर शोधली, रक्त मागे येतंय, म्हणजे सुई शिरेतच आहे, हे बघितलं, ड्रिप सुरू केली आणि स्टूल ओढून खाटेला लागून बसली. पाच मिनिटं झाली.

"मावशी?"

"काय नाय."

आणखी पाच मिनिटं झाली. पलीकडच्या खाटेवरून कोणीतरी तिला हाक मारली. तिने ज्ञानेश्वरी सिस्टरना खूण केली, जागची हलली नाही.

"जलतंय गो," मावशी म्हणाल्या.

वेदिकाने तत्क्षणी ड्रिप बंद केली. वाकून हात बघितला. सूज नव्हती. बोटाने हलकेच दाबून बघितलं, रक्त पुन्हा तपासलं. सगळं नीट होतं.

"कुठे मावशी? नेमकं कुठे?"

मावशी तिच्या तोंडाकडे बघत होत्या.

"कुठं नाय," त्या म्हणाल्या. "सांगून बगितलं."