वैशाखातला सह्याद्री

अण्णा वैद्य डोंगरासमोर थबकले. पिवळं पडलेलं गवत, कारवीच्या नुसत्या काटक्या, तडकलेली माती. संध्याकाळी पाहुणे येणार होते, आणि लालबागच्या मैदानातल्या मांडवात नव्या महाराष्ट्राचा सह्याद्री असा उभा होता.

“बाई, हे तर सगळं मेलंय,” ते म्हणाले.

“मेलं नाही, अण्णा. वाळलंय,” मृणालिनी प्रधान म्हणाली.

ती दादरच्या मुलींच्या शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवायची. सभा, मोर्चे, संचारबंदी यांत शहर होरपळत होतं त्या वर्षांत ती प्रत्येक सुट्टीत घाटावर जायची. जो तो सह्याद्रीचं नाव घेऊन मुंबई मागत होता, पण त्या डोंगरावर काय उगवतं हे तिच्या वर्गातल्या एकाही मुलीला सांगता येत नव्हतं. तिला ते लागलं. मग तिने मातीसकट गवताचे गड्डे आणले, रोपं आणली, आणि शाळेच्या गच्चीवर कापलेल्या पिंपांतून डोंगर रचला. माथ्यावर सड्यावरचं, सपाट कातळावरचं, आखूड गवत. उतरणीला कारवी आणि करवंदीची जाळी. खाली घळीत अंजनी, हिरडा, जांभूळ यांची रोपं. डोंगरावर जे जिथे असतं ते तिथेच. त्या मातीतून टणटणीही उगवून यायची. ती समुद्रापलीकडून आलेली, म्हणून मृणालिनी ती दिसली की उपटायची.

गेल्या श्रावणात अण्णा ती गच्ची बघायला आले होते. सोनकी पिवळीधमक फुलली होती, तेरड्याने उतरण गुलाबी झाली होती. चळवळीत तुरुंग भोगून आलेले अण्णा डोंगराभोवती दोनदा फिरले. राज्य मिळेल त्या दिवशी हा डोंगर आपल्या मांडवात उभा राहील, असं त्यांनी तिथेच ठरवून टाकलं. राज्य कधी मिळणार हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

ते मिळालं भर वैशाखात.

अण्णांनी प्रभादेवीच्या एका बागवानाकडून गुलाबाच्या आणि क्रोटनच्या कुंड्या मागवल्याच होत्या. गवतात त्या मधून मधून ठेवाव्यात, वर थोडी कागदी सोनकी खोचावी, असं ते समजावू लागले. मृणालिनी मान हलवत राहिली. तेव्हा त्यांचा आवाज खाली आला. ज्यांची माणसं गोळीबारात गेली त्या घरांना आज पहिल्या रांगेत बसवायचं होतं. “त्यांच्यापुढे वाळकं गवत ठेवायचं का, बाई?”

ते तिच्या वर्मी लागलं. तिने एक कुंडी उचलली. टवटवीत लाल गुलाब होता. ती कुंडी घेऊन डोंगरापर्यंत गेली, वाकली, आणि तशीच परत आली.

“त्यांच्यापुढे खोटा डोंगर नको, अण्णा. आज सह्याद्री असाच आहे.”

अण्णांनी वाद घातला नाही. त्यांनी मांडववाल्याला सांगून डोंगरासमोर पडदा ओढून घेतला.

संध्याकाळी मैदान भरलं. चौघडा वाजला, गुलाल उडाला. पाहुण्यांनी किल्ल्यांच्या प्रतिकृती पाहिल्या, हातमागाची लुगडी पाहिली आणि पडद्यासमोरून पुढे गेले. मृणालिनी आत डोंगराशेजारी उभी होती. घोषणा झाली की तीही जय म्हणत होती.

भाषणं सुरू झाली तशी पडद्याची कड सरकवून एक बाई आत आली. सुंदराबाई. ती गिरणीत वाइंडिंग खात्यात सूत गुंडाळायची. तिचा भाऊ गोळीबारात गेला होता. बाहेर त्याचं नाव पुकारलं गेलं तेव्हा तिला तिथे बसवेना. तोंडाला पदर लावूनच ती आत शिरली, आणि समोर बघून जागच्या जागी थांबली.

तिने पायातल्या चपला काढल्या. गवतावर तळहात फिरवला, कारवीची काटकी बोटांत धरून पाहिली. पदराला कुसळं चिकटली, ती तिने झाडली नाहीत. मग मागे वळून तिने नवऱ्याला, दत्तारामला, हाक मारली.

दत्ताराम आला. त्याने चाळीतली माणसं बोलावली. त्यांनी आणखी आणली. पडदा कुणी बाजूला केला ते कळलंच नाही. एक म्हातारा नातीला सांगत होता, आपलं गावचं घर ह्याच कारवीच्या कुडाचं. कुणाला जाळीत दोन हिरवी करवंदं दिसली, ती सगळ्यांनी पाहिली, पण तोडली कुणी नाहीत. डोंगरापुढे चपलांची रांग लागली.

गर्दी कशाची म्हणून अण्णा व्यासपीठावरून उतरून आले. चपला बघून त्यांनीही आपल्या वहाणा काढल्या. सुंदराबाईसमोर ते ओशाळून उभे राहिले. हा डोंगर पावसात फार सुंदर दिसतो, असं त्यांनी तिला सांगितलं. आज तिला दाखवायला त्यावर ना फूल, ना हिरवं गवत, याचं वाईट वाटतं म्हणाले.

सुंदराबाईने डोळे पुसले. ती ताठ उभी होती.

“हिरवा डोंगर बघून लई वर्सं झाली, अण्णा. गिरणी रजा देती ती मे म्हैन्यात. आमी घरी जातो, तवा तो असाच उभा असतो.”