कानापाशी मोडलेलं हळकुंड

"चाल चुकली," द्वारकाबाई म्हणाली. "पुन्हा दाखव."

सृष्टीनं लॅपटॉपवर चित्रं मागं नेली. हळदीच्या ढिगाशेजारून कार्टूनचा एक म्हातारा चालत आला. त्यानं हळकुंड उचललं, मोडलं, नाकाशी धरून हुंगलं आणि हसला. सगळा मिळून वीस सेकंदांचा खेळ.

वसमतच्या व्यापाऱ्याला आपल्या पाकिटासाठी ही जाहिरात पाहिजे होती. कच्चं काम बघून तो म्हणाला होता, "बाहुला जिवंत वाटत नाही. घरच्या जुन्या माणसाला विचारा. पाचपर्यंत नीट करून पाठवा, नाहीतर नांदेडला एक जण तयार बसलाय." शिकून आल्यावर सृष्टीला मिळालेलं हे पहिलंच काम. तीन वाजून गेले होते.

घरातलं जुनं माणूस म्हणजे आजी. शाळेचं तोंड तिनं दोन पावसाळे पाहिलं असेल, पण दुसऱ्याच्या कामातली खोट तिला आंधळ्या कोठीतही दिसायची.

बाहुल्यासाठी सृष्टीला लांब जावं लागलं नव्हतं. अंगणात ताडपत्रीवर हळद वाळत होती आणि कडेला तिचा आबा बसला होता. चार दिवस त्याचं चालणं-बसणं मोबाईलवर टिपून तिनं हा म्हातारा उभा केला होता.

"तातेराव," आजीनं दारातून आवाज दिला, "सरका तिकडं. पायाखाली माल चेंगरून राहिला."

नवऱ्याला नावानं हाक मारणारी तिच्या वयाची बाई अख्ख्या गावात ही एकटीच. शेजारची पद्माबाई अजून तोंडाला पदर लावायची. राशनच्या दुकानात नवऱ्याचं नाव विचारलं, की ती नुसतं कार्ड पुढं करायची. आजी म्हणायची, "नाव ठेवलंय कशाला मग? पुजायला?"

आबा निमूट सरकला. तो आजीला कधी उलट बोलत नसे.

"कुठं चुकली चाल?" सृष्टीनं विचारलं.

"हा पाय घासत चालून राहिला. पाऊल बाहेर फेकून चालायचे. डावा पाय आधी. अन् रुमालाचं टोक डाव्या कानावर."

सृष्टीनं पाऊल बदललं, रुमाल बदलला. अंगणातून आबाचा आवाज आला, "पोरी, माझं थोबाड कशाला गावभर फिरवतीस?"

"तुमचं न्हाई काढून राहिली ती," आजी म्हणाली. "गप बसा."

सृष्टी हसली. आबा हसला नाही.

तातेरावाची गोष्ट तिला पाठ होती. तिचा बाप भागवत मांडीवर असताना तो रागानं घर सोडून गेला. नऊ वर्षं पत्ता नाही. धाकटा दीर ग्यानोबा सगळ्या रानात नांगर घालून बसला, आणि एक दिवस पांढरं लुगडं घेऊन दारात आला. म्हणाला, "वहिनी, आता हे नेसा." दुसऱ्याच आठवड्यात आजी औंढ्याच्या जत्रेला गेली आणि नवऱ्याला हाताला धरून घेऊन आली. दाढी छातीपर्यंत, अंग निम्मं झालेलं. भर पारावर तिनं त्याचे पाय धुतले. ग्यानोबानं नांगर सोडला आणि सेनगावला बायकोच्या माहेरी राहायला गेला. नागनाथानं कुंकू राखलं, असं गाव आजही म्हणतं.

"हळकुंडाचं काय?" सृष्टीनं विचारलं.

"हुंगायचे न्हाईत. कानापाशी धरून मोडायचे. वाळलेली हळद टणकन वाजती. आवाजावरून सांगायचे, अजून दोन उन्हं पायजेत म्हणून."

सृष्टीनं बाहेर पाहिलं. आबानं ढिगातलं हळकुंड मोडलं आणि नाकाला लावलं.

"आजी, आबा हुंगतेत. आत्ताच हुंगलं."

"कानापाशी," आजी म्हणाली.

साडेचार वाजले. सृष्टीनं सगळं जुळवून पुन्हा लावलं. बाहुला डावं पाऊल बाहेर फेकत आला. हळकुंड कानाशी नेलं, मोडलं, मान तिरकी करून ऐकलं. आता तो जिवंत वाटत होता.

आजीनं हळूच पदर डोक्यावर घेतला. आबापुढं ती कधी पदर सावरत नसे.

उंबऱ्यावर सावली पडली. आबा उभा होता. पडद्याकडं बघता बघता त्याचा चेहरा राखेसारखा झाला.

"हे पाठवू नको," तो म्हणाला. "द्वारके, ग्यानोबाच्या घरी बी मोबाईल हाय."

"बघू दे त्याला," आजी म्हणाली. "आता कुणाच्या रानात नांगर घालतो?"

"माझं काय मग?"

"अडतीस वर्षं खाल्लंत की. बसा जाऊन तातेराव, हळद राखा."

आबा गेला नाही. चौकट धरून तिथंच उभा राहिला. म्हातारा-म्हातारीचं कुठलं जुनं भांडण उकरून निघालं, ते सृष्टीला उमगेना. घड्याळ पुढं सरकत होतं.

"आजी, एकच राहिलं. शेवटाला घरच्या बाईच्या आवाजात नाव पायजे." तिनं मोबाईल आजीच्या तोंडापुढं धरला आणि पडद्यावरच्या म्हाताऱ्याकडं बोट केलं. "ह्यांच्याकडं बघ अन् नुसतं म्हण, आमचे तातेराव."

दिवसातून पन्नासदा तेच नाव घेणारी आजी पडद्याकडं बघत राहिली. मग तिनं मोबाईल हातानं बाजूला सारला.

"पद्माबाईला बोलाव, ती म्हणंल," ती म्हणाली. "नवऱ्याचं नाव मी उभ्या जन्मात घेतलं न्हाई."