हळदीचा बॅनर

हर्षितच्या हळदीचा बॅनर कोपरच्या नाक्यावर लागणार होता, आणि त्यावर कोणाचं नाव वर यावं यावरून चुलत्यांनी एकमेकांशी बोलणं टाकलेलं. सीतारामकाका तर हळदीलाच येणार नव्हते. शेवटी हर्षितच्या बारावीतल्या बहिणीने, दर्शनाने, केमिस्ट्रीचं पुस्तक सगळ्यांच्या पुढ्यात आपटलं.

“कंपाउंडला नाव देताना मेन चेनला चिकटलेल्या शाखा एबीसीडीने लावतात. कोण मोठी, कोण छोटी, बघत नाहीत. तुमचंही तसंच लावणार.”

“आन माझ्या नावाआधी दानशूर लावतान, त्याचा काय?” सीतारामकाकांनी विचारलं.

“शाखा किती ते सांगणारं नावाआधीचं डाय-ट्राय आम्ही एबीसीडीत धरत नाही, काका. दानशूरही नाही धरणार.”

पुस्तकातच लिहिलंय म्हटल्यावर चुलत्यांनी माना डोलावल्या. दर्शनाने स्वतः बसून आनंदापासून सीतारामपर्यंत त्रेचाळीस नावं लावली, आणि हळदीला सगळे चुलते झाडून हजर राहिले.

दर्शनाच्या केमिस्ट्रीच्या क्लासचे सरही आलेले. त्यांनी बॅनर वरपासून खालपर्यंत वाचला, आणि दर्शना शाबासकीसाठी शेजारी जाऊन थांबली.

“शाखा सगळ्या बरोबर आहेत,” सर म्हणाले. “पण प्रीलिममध्ये तू मेन चेन लिहायला विसरलेलीस, आणि इथे नवरदेव.”