आडवं आलेलं बाळ

जेल्त्रूदेच्या डोळ्यांवर पट्टी बांधली, तेव्हा ओर्सोला खिडकीपाशी उभी होती.

बोलोन्यातल्या या सुईणींच्या शाळेतले सगळे नमुने ओर्सोलाच्या हातचे. लाकडाची कंबर, आत चामड्याची पिशवी, पिशवीत कापडी बाळ. विसाव्या नमुन्यात बाळ आडवं होतं, एक हात बाहेर. तो तिनं चित्र न बघता, डोळे मिटून घडवला होता. मोदेनात असताना तिची लेक जाचिंता बाळंतपणात गेली, तेव्हा बाळ असंच आलं होतं.

चिठ्ठीत येईल तो नमुना घ्यायचा आणि डोळे बांधून नुसत्या हातांनी बाळ सोडवायचं, ही परीक्षा. अकरा वर्षांत विसावा कुणालाच जमला नव्हता. नापास झालेल्या बाईला ओर्सोला स्वतः पाणी द्यायची, आणि त्या दिवशी तिचा चेहरा हलका दिसायचा. लोक म्हणत, लेकीच्या सुईणीवरचा राग ही बया सगळ्या सुईणींवर काढते.

शाळेच्या डॉक्टर फान्तीनींनी एकदा सुचवून पाहिलं.

“ओर्सोलाबाई, हा मोडून टाका. जे कुणाच्याच हातून होणार नाही, त्याची परीक्षा कसली?”

“कुणाच्याच हातून नाही ना, डॉक्टरसाहेब? मग राहू दे तसाच.”

जेल्त्रूदे डोंगरातली. तीस वर्षं बाळंतपणं करत आलेली, पण नव्या नियमानं परीक्षा पास झाल्याशिवाय हे काम करता येणार नव्हतं; आज नापास झाली तर तिच्या गावात सुईणच उरणार नव्हती. तिची चिठ्ठी विसाव्याची निघाली. ओर्सोलाला तिची मनापासून कीव आली.

म्हातारीनं हाताला तेल मागितलं. मग त्या लाकडी कंबरेलाच म्हणाली, “कळ देऊ नको, पोरी. दम खा. मी आहे ना.”

बाहेर आलेल्या हाताला तिनं ओढलं नाही. सावकाश आत सारलं. बराच वेळ चाचपडून पाय शोधला. बाळ फिरलं. आधी पाय आले, मग खांदे, मग डोकं.

डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. ओर्सोला भिंत धरून पुढे आली.

“मावशी, हात धरून ओढलं असतं तर?”

“तिथंच चुकतात गं. ओढलं की दोघंही जातात.” जेल्त्रूदेनं पट्टी सोडली. ओर्सोलाचा चेहरा पाहून तिला शाळेत कानावर आलेलं आठवलं, तिचा आवाज खाली आला. “तुझ्या लेकीपाशी कोण होती सुईण?”

ओर्सोलानं कापडी बाळ उचललं. त्याच्या हाताला लागलेलं तेल झग्याच्या टोकानं पुसत राहिली.

“मीच,” ती म्हणाली.