साधी गाठ

"गाठ साधी आहे," डॉक्टर म्हणाले. "कॅन्सर नाही."

पेंटरने दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि मान खाली घातली. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात जन्म गेलेले ते हात, रेघ कधी इकडची तिकडे होत नसे. मग त्याने नाक ओढलं आणि बायकोकडे पाहिलं.

ती खुर्चीत नीट पाठ टेकून बसली होती, मांडीवर पर्स, चारचौघींसारखी. चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

"ऐकलंस ना? काही नाहीये तुला!"

"ऐकलं." ती डॉक्टरांकडे वळली. "मग ते औषध?"

"कुठलं?"

"तुम्ही सुरू केलंत ते. दुखण्यावरचं."

डॉक्टर हसले. चांगली बातमी द्यायची पाळी त्यांच्यावर क्वचितच येत असावी. "ते आता बंद करायचं. फार कडक गोळी असते ती. मला शंका वेगळी होती, म्हणून रिपोर्ट येईपर्यंत दिली. उरलेल्या गोळ्या अर्ध्या अर्ध्या करून संपवा, म्हणजे एकदम त्रास होणार नाही. आता तुम्ही माझ्या पेशंटच राहिला नाहीत. खुशाल घरी जा."

"पण माझी कंबर?"

"तिचा या गाठीशी संबंध नाही. मागे कंबरेच्या ऑपरेशनमध्ये नस दुखावली, ते तुमचं जुनं दुखणं. त्यासाठी खालच्या मजल्यावर दाखवायचं."

"तिथूनच तर वर आलोय आम्ही," पेंटर म्हणाला. "ते म्हणतात, व्यायाम करा, मन रमवा. साध्या गोळ्या देतात, त्यांनी काडीचा फरक पडत नाही. कडक मागितली की म्हणतात, सवय लागेल."

"लागते सवय. त्यांचं चूक नाही."

"मग दुखण्याची का लागत नाही हो?" तिने विचारलं. "इतकी वर्षं झाली."

डॉक्टरांनी पेन उचललं, परत खाली ठेवलं. माणूस वाईट नव्हता. "हे बघा ताई, ही गोळी लिहायची तर पुढे आजाराचं नाव लिहावं लागतं. तुमच्या बाबतीत मी काय लिहू?"

"दुखतं म्हणून लिहा."

"तेवढ्यावर देता येत नाही."

बाहेर आल्यावर पेंटरने पहिला फोन मुलीला लावला. ती पलीकडे ढसाढसा रडायला लागली, तसा इकडे त्यालाही हुंदका आवरेना. येणारी-जाणारी माणसं बघायला लागली, बघेनात का! मग त्याने मेहुणीला फोन केला.

"तरी मी म्हणत होते! माझ्या बहिणीला काही होणार नाही. दे तिला."

बायकोने फोन कानाला लावला. "हो. हो ना. सुटले बाई एकदाची." फोन परत देऊन ती बाकावर बसली. लगेच उठली. पुन्हा बसली, बाकाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून, जणू कुणी उठवायला येणार होतं.

त्या बसण्याकडे बघता बघता पेंटरचा पुढचा फोन राहून गेला.

रिपोर्ट येईपर्यंतचे सगळे दिवस, ती गेली तर काय, या एकाच विचाराने त्याला जेवण गोड लागत नव्हतं. आणि ती मात्र गोळी सुरू झाल्यापासून रोज त्याच्यासमोर टेबलाशी बसून जेवत होती. एरवी ओट्याशी उभी राहून, ताट हातात धरून चार घास ढकलणारी बाई. तिने कंबरेपायी बंद केलेल्या आपल्या पार्लरमधली कात्री आणून त्याचे केस कापले होते, कानामागे नुसतं बर्फ पडलंय म्हणून खिदळली होती. शेजारणीकडे गेली ती चहा पिऊन, तासभर गप्पा छाटून आली. आपल्याला धीर यावा म्हणून हसतेय बिचारी, असं वाटून तो मोरीत जाऊन नळ सोडून रडला होता.

बिचारी कसली. ती खरंच हसत होती.

तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. "खरं सांग," आवाज दाबूनही तो चिरकला, "तुला काय तो आजार हवा होता?"

"असं कसं बोलता?"

"मग तोंड का पडलंय तुझं? आत माझा जीव परत आला आणि तू गोळ्यांचं विचारत बसलीस!"

समोरच्या, डॉक्टरांच्या दारातून एक जोडपं बाहेर आलं. नवऱ्याने बायकोला आधार दिला होता, की तिने त्याला, ते कळत नव्हतं. बायकोच्या हातात डॉक्टरांनी दिलेली गोळ्यांची चिठ्ठी होती. पेंटरची बायको त्या चिठ्ठीकडे बघत राहिली. लग्नघरात दुसरीच्या गळ्यातल्या दागिन्याकडे बघावं तशी. पेंटरने ते पाहिलं आणि त्याला तिचा संताप आला. पाठोपाठ स्वतःची लाज वाटली.

"मला मरायचं नाहीये हो," ती म्हणाली. "मला नुसतं बसायचंय."

त्याच्या खिशात फोन वाजू लागला. बातमी पसरली होती. भाऊ असेल, नाहीतर व्याही. त्याने तो वाजू दिला आणि तिच्या शेजारी बसला.

तिने त्याच्या शर्टाची बाही धरली, बंद दाराकडे पाहिलं आणि हलकेच म्हणाली, "अहो, जरा आत जाऊन या ना. परत एकदा तपासायला सांगा. कधी कधी चुकतात म्हणे रिपोर्ट."